हवाबाबांचा हात

गोदामाच्या पुढच्या दारात सगळे कामगार जमले होते, तरी कोणी खोकतही नव्हतं. हवाबाबा डोळे मिटून रांगेतल्या एकेकाला हुंगत होते. दडवलेली स्फोटकं त्यांना नुसत्या नाकानं कळतात म्हणे!

"हवा माझ्याशी बोलते, लेकरांनो. तिला थापा मारता येत नाहीत!"

थापा मारायचं काम त्यांनी स्वतःकडे ठेवलं होतं.

बाबा माझ्या भाऊजींसमोर थांबले. त्यांच्या डब्याच्या पिशवीवरून हात फिरवून ओरडले, "पाप! यात पाप आहे!"

भाऊजींचा चेहरा पांढराफटक पडला. आधी पकडून दिलेले दोन हमाल अजून घरी परतले नव्हते. त्यांच्या पिशव्यांतल्या हवेत, मी चालवते त्या हवा तपासणाऱ्या यंत्राला खरंच स्फोटकाचा अंश सापडला होता. यंत्रही बाबांच्या बाजूनं, मग बोलणार कोण? मला मात्र एक गोष्ट खुपत होती. बाबांनी पिशवी दाखवल्याशिवाय नमुना घ्यायचा नाही, असा सुरक्षा प्रमुखांचा हुकूम होता.

"ताई, घ्या नमुना," प्रमुख म्हणाले. "तुमचे भाऊजी म्हणून सूट नाही."

"सूट नकोच. सकाळी बाबा यायच्या आधी, हुकूम मोडून, मी सगळ्या पिशव्यांतली हवा बाटल्यांत भरून ठेवलीय. दोन्ही तपासू."

बाबांचे डोळे पहिल्यांदा नीट उघडले.

शेजारच्या खोलीत यंत्र घरघरलं. सकाळची हवा स्वच्छ निघाली. बाबांचा हात फिरल्यानंतरच्या हवेत स्फोटकाचा अंश होता.

"आता बाबांच्या हाताजवळची हवा घेते."

"साधूची परीक्षा? भस्म होशील!" म्हणत बाबांनी हात शालीत लपवला. दोघा पहारेकऱ्यांनी तो बाहेर काढला. मी नळी धरली. पडद्यावरची रेघ पार वर गेली.

माझे डोळे भरून आले.

"स्फोटक हाताला लावून यायचा आणि पिशवीला पुसायचा," मी म्हणाले. "एवढाच चमत्कार."

"पण याच्याकडे स्फोटक आलं कुठून?" प्रमुखांनी विचारलं.

भाऊजी हळूच म्हणाले, "साहेब, मागच्या दाराची हवा पवित्र आहे, असं बाबांनीच सांगितलं होतं ना? तिथला पहारा तुम्ही काढलात."

आम्ही सगळे मागे धावलो. दार सताड उघडं होतं. ओल्या मातीत ट्रकच्या चाकांचे ताजे ठसे थेट आतल्या अंधाराकडे गेले होते. स्फोटकं इथूनच आत आली होती.

लोकहो, पुढचा चमत्कार दिसेल तेव्हा टाळ्या वाजवण्याआधी एवढं विचारा: बाबांचा हात लागण्यापूर्वी कोणी तपासलं होतं का? आणि आपण सगळे इकडे बघत असताना तिकडच्या दारावर कोण होतं?