पाचवा नट

सुतारकाकांचा ट्रेलर बसला तो नेमका अशा जागी, जिथे हाक मारली तर आपणच आपल्याला ओ द्यावी. उजवा टायर भुईला टेकलेला, वर शाळेचे आठ बाक दोरीने आवळून बांधलेले, पुढे जीप, आणि मागेपुढे दुपारचा रिकामा रस्ता.

"बसलास? बस. तुझंच राहिलं होतं," काका टायरला म्हणाले.

काकू जाऊन सात महिने झाले होते. गेल्या महिन्यात मुलीने ठणकावून सांगितलं होतं, "बाबा, एकट्याने माल पोचवायचं खूळ पुरे. रस्त्यातून एकदा जरी 'ये गं मदतीला' म्हणून फोन आला, तर ट्रेलर विकायचा आणि माझ्याकडे राहायला यायचं." काका तावातावाने 'कबूल' म्हणून बसले होते. मुलीचं घर चांगलं, जावई सोन्यासारखा. पण तिथे रंधा मारायला जागा नव्हती. नुसतं बसून खायचं म्हणजे आपलंच फर्निचर झाल्यासारखं वाटायचं त्यांना.

त्यांनी दुसऱ्या चाकाला दगडांची अडण लावली, जॅक सरकवला, दांडी फिरवली. ट्रेलर डौलात वर आला. मग पाना नटावर बसवून जोर लावला, तर नट तसाच आणि अख्खं चाकच फिरलं. पुन्हा लावला. पुन्हा फिरलं.

काका बघतच राहिले. तीस वर्षांत अशी चूक झाली नव्हती. मग हळूहळू उजेड पडला. ट्रेलर उचलण्याआधी नट ढिले करायचे असतात, आणि तीस वर्षांत ते काम त्यांनी कधी केलंच नव्हतं. ते जीपमध्ये जॅक शोधत असायचे तेवढ्यात काकू पाना लावून त्यावर उभी राहायची. "अक्कल तुमची, वजन माझं," म्हणत एकेक नट कर्रकन सैल करायची. या कामाचे दोन भाग आहेत, हे काकांच्या गावीही नव्हतं.

ट्रेलर पुन्हा खाली. काका पान्यावर चढले. पण अंगावर मांस असेल तर ना! नट हलेना.

एक टँकर हळू झाला. ड्रायव्हरने मान बाहेर काढली. "काका, हात लावू का?"

"नको नको, होतच आलंय."

"बरं," म्हणून तो गेलासुद्धा.

"होतच आलंय!" काका स्वतःवर खेकसले. "काय होत आलंय? संध्याकाळ?"

शेवटी त्यांनी हत्यारांची जड पिशवी पान्याच्या टोकाला अडकवली, ट्रेलरची फळी धरली आणि पिशवीशेजारी स्वतः चढले. कर्रर्र. काकूच्या वजनाची उणीव करवतीने, पटाशीने आणि हातोड्यांनी भरून काढली. एकामागून एक पाचही नट सुटले.

ट्रेलर पुन्हा वर घेतला, चाक उतरलं, स्टेपनी चढली. काकांनी डोळे भोकांवर ठेवूनच डावा हात मागे केला.

"नट."

हात तसाच राहिला. मागे काकू बसायची, मांडीत नट घेऊन, एकेक पुसून तळहातावर ठेवायची. आज नट काकांनी ठेवले होते तिथे होते, म्हणजे कुठेही. चाचपून चार मिळाले. चार लावले, जॅक उतरवला, पुन्हा आवळले.

झालं. कुणाच्या मदतीशिवाय झालं. काकांनी हात पुसले, डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. "जमलं हो तुम्हाला," असं कुणीतरी म्हणायला हवं होतं. त्यांनी फोन काढला.

"बाबा? कुठे आहेस? काय झालं?"

"पंक्चर."

"बघ! फोन आलाच शेवटी."

"ये म्हणायला नाही केला. बदललं मी, एवढं सांगायला केला."

ती म्हणाली, "बरं बाबा. शब्द म्हणजे शब्द. ट्रेलर तुझा." आणि लगेच, "नट किती लावलेस?"

अगदी आईसारखं. पाच म्हणून टाकायला काय जात होतं?

"चार. पाचवा गवतात गेलाय कुठे तरी. चारांवर जाईल आरामात."

"आईने जाऊ दिलं असतं?"

काकांनी गवताकडे पाहिलं.

"शोध. मी फोन ठेवत नाही."

फोन मोठ्या आवाजावर करून त्यांनी वरच्या बाकावर ठेवला आणि गुडघ्यांवर उतरले. गवत दोन्ही हातांनी विंचरलं. एक ट्रक गेला, बाक थरथरले.

"सापडला?"

"नाही गं."

"नीट बघ. चाकाखाली बघितलंस?"

"बघितलं."

"तुझं बघणं मला माहितेय. डोळ्यांसमोरचं दिसत नाही तुला."

हत्यारांची पिशवी उचलली, तर नट तिच्याखालीच होता. काकांनी तो मुठीत घेतला. अजून कोमट होता.

"बाबा? सापडला का?"

काका गवतात नीट मांडी घालून बसले, नट शर्टाला पुसू लागले.

"अजून नाही," ते म्हणाले. "तू थांब हं."