सही एकीची, ब्लीच दुसरीला

मागच्या महिन्यात आमच्या पार्लरमध्ये एका मॅडमचा वरचा ओठ वॅक्सनंतर टम्म सुजला. "मला ॲलर्जी आहे, तुम्ही आधी विचारलं का नाही?" असं त्या म्हणाल्या आणि मम्मी बर्फ आणायला धावली. माझ्याकडे उत्तर होतं. मी दहावीत आहे, वक्तृत्वात नुकतीच नंबरात आलेय, आणि हल्ली मला कुणी काही विचारायच्या आधीच उत्तर सुचतं.

"मम्मी, आपण फॉर्म काढू. आधी सगळं विचारायचं, मग सही घ्यायची."

"भुवया कोरायला सही?" मम्मी म्हणाली. "बायका म्हणतील, चंदनाताई आता जमीनच लिहून घ्यायला लागल्या."

पण ओठ सुजलेला तिनंही बघितला होता. तिनं काढू दिला.

नमुन्यासाठी लांब जावं लागलं नाही. तवनाप्पा आज्जांचं, म्हणजे माझ्या आजोबांचं, मिरजेला हर्नियाचं ऑपरेशन झालं होतं, तेव्हाचे कागद कपाटात होते. भाषा इतकी भारदस्त, की मी ती तशीच उचलली. फक्त 'शस्त्रक्रिया' काढून 'सौंदर्यसेवा' घातलं. त्यामुळं 'सौंदर्यसेवेदरम्यान काही बरेवाईट झाल्यास' असं एक वाक्य तयार झालं. ते वाचून पहिल्याच गिऱ्हाईक बाई भुवया तशाच घेऊन घरी गेल्या. मम्मीनं 'बरेवाईट' खोडायला लावलं. बाकी फॉर्म मला अजूनही फर्स्टक्लास वाटत होता. औषधं चालू आहेत का, ॲलर्जी आहे का, त्वचेचा काही आजार आहे का, आणि खाली सही.

रविवारी आटपाडीकडनं मम्मीच्या ओळखीच्या सुलाबाई आल्या. त्यांच्या मुलाचं, अमृतचं लग्न ठरलंय, आणि सुनेच्या पार्लरचा खर्च आमचा, असं त्यांनी व्याह्यांना ठणकावून सांगितलेलं. सोबत त्यांच्या जाऊबाई रंगूबाई, आणि दोघींच्या मधे नवरी, उत्कर्षा. तिघी एसटीतनं उतरून थेट आलेल्या.

"सगळं करा हिचं," सुलाबाई म्हणाल्या. "ब्लीच तर पैलं. फोटुत पोरगी उजळ दिसाय पायजे."

मी उत्कर्षाला तोंड धुवायला आत बेसिनपाशी नेलं, तेव्हा तिनं नळ मोठा सोडला आणि हळूच म्हणाली, "ब्लीच चालत नाही गं मला. पिंपल्सचं औषध चालू आहे. मिरजेचे डॉक्टर म्हणाले, कातडी भाजेल."

"मग सांग की बाहेर."

"सांगितलं असतं. मागचं स्थळ त्याच्यावरनंच मोडलं. मुलीच्या तोंडाला काय रोग आहे, म्हणून गावभर विचारत बसले." तिनं तोंडावर पाणी मारलं. "आणि मला हे स्थळ आवडलंय."

मी म्हणाले, घाबरू नकोस, आमच्याकडं ह्याच्यासाठीच फॉर्म आहे. म्हणाले खरं, आणि लगेच चूक लक्षात आली. कारण फॉर्म आम्ही बाहेर बाकड्यावर भरून घेतो, सगळ्यांच्या देखत, मोठ्यानं विचारून. माझा सगळ्यात हुशार प्रश्न तिला होणाऱ्या सासूच्या मांडीला मांडी लावून विचारला जाणार होता.

आम्ही बाहेर आलो. सुलाबाईंनी तोवर फॉर्म हातात घेतला होता.

"ह्यो मिरजेचा कागद," त्या म्हणाल्या. "वळखला मी. ह्याच्यावर सही नातेवाईकाची असती."

"जाऊबाईंनी निम्म्या गावाच्या केल्यात सह्या," रंगूबाई म्हणाल्या. "मिरजेचं डाक्टर ह्यांना बघितल्याबगर सुरीच उचलत न्हाईत."

"काकू, हा पार्लरचा आहे—" मी म्हणाले.

"कागद तो कागद. चष्मा न्हाई आणला मी. तू इचार, तूच लिव्ह."

मी उत्कर्षाकडं बघितलं. तिनं डोळ्यांनीच सांगितलं, विचार. मग मी विचारत गेले. तुमचं नाव? सुलाबाई. औषध चालू आहे? गुडघ्याचं हाय. त्वचेचा आजार?

"न्हाई बा. ह्या वयात बी बघ की, कशी हाय ती."

ॲलर्जी? "वांगं खाल्लं की खाजवतंय. लिव्ह, वांगं."

शेवटी त्यांनी पदर सावरून, दमानं, कोरल्यासारखी सही केली. माझा पहिला पूर्ण भरलेला फॉर्म. एकही रकाना रिकामा नाही, एकही उत्तर खोटं नाही, आणि ज्या तोंडाला ब्लीच लागणार त्याच्याबद्दल एक अक्षरही नाही.

मी तो मम्मीला आत नेऊन दिला आणि उत्कर्षाचं तिच्या कानात सांगितलं. मम्मीनं फॉर्म वरपासून खालपर्यंत वाचला. ती माझ्याकडं एवढ्या कौतुकानं बघते ती फक्त रिझल्टच्या दिवशी. मग बाहेर येऊन खुर्ची झटकली.

"या मावशी. बसा."

"मी?"

"नाव तुमचं, गुडघा तुमचा, वांगं तुमचं, सही तुमची. ब्लीच दुसऱ्या कुणाला लावलं तर मीच अडकेन की."

"आवं, मिरजंत सही मी केली तवा कापलं मला न्हाई."

"मिरजेत पेशंट बेशुद्ध असतो, मावशी. आमच्याकडं टक्क जागा असतो."

रंगूबाई पदर तोंडात धरून हसायला लागल्या. सुलाबाईंनी त्यांच्याकडं बघितलं, मग उत्कर्षाकडं. ती खरंच टक्क जागी होती.

"तुला लावायचं हाय का गं ब्लीच?"

"नाही, आत्या." होणाऱ्या सासूला ती आत्या म्हणायची.

"का गं?" रंगूबाईंनी विचारलं.

पण सुलाबाईच त्यांच्यावर फिरल्या. "का म्हणून तू कोण इचारणार? फॉर्मात हाय का तसा सवाल? एवढं सगळं इचारलं तिनं, का म्हणून एकदा तरी इचारलं?"

मग त्या खुर्चीत जाऊन बसल्या. इतकी छान सही वाया घालवणं त्यांना पटलं नसावं. मम्मीनं त्यांच्या कोपराच्या आत आधी ब्लीचचा टिपका लावला. कातडी लाल होते का ते बघेपर्यंत उत्कर्षाच्या हातांचं मॅनिक्युअर आटपून घेतलं. लाल झाली नाही. मग चेहऱ्यावर ब्लीचचा जाड थर आला, आणि मम्मीनं बजावलं, "आता बोलायचं नाही, हसायचं नाही, कपाळाला आठी घालायची नाही."

सुलाबाईंनी हात हलवून होकार दिला.

उत्कर्षा उठली आणि खुर्चीशेजारी जाऊन उभी राहिली. तिनं एवढी चांगली वेळ साधली, की मला तिचा हेवाच वाटला.

"आत्या, मला पिंपल्सचं औषध चालू आहे. मिरजेच्या डॉक्टरांचं. म्हणून ब्लीच चालत नाही. रोगबिग काही नाही, पण आधी सांगितलं नव्हतं. आता सांगितलं."

ब्लीचच्या आतनं दोन डोळे तिच्यावर रोखले गेले. ओठ हलले आणि मम्मीनं बोट वर केलं. ओठ मिटले. आपल्याला काय ऐकावं लागणार, याचा विचार करायला उत्कर्षाकडं आता ब्लीच वाळेपर्यंतचा वेळ होता. ती जागची हलली नाही.

मम्मीनं ओल्या कापसानं तोंड पुसलं. सुलाबाई आरशात न बघता वळल्या.

"गुण हाय का त्या औषधाला?"

"आहे."

"खरं सांग."

"आधीचा फोटो दाखवते." तिनं मोबाईल पुढं केला.

सुलाबाईंनी तो लांब धरून नीट बघितला, मग उत्कर्षाची हनुवटी धरून उजेडाकडं केली, मग परत फोटो बघितला.

"अमृतचं तोंड बघितलंस न्हवं जवळनं? खडीच्या रस्त्यागत हाय. लग्नाच्या आत काय हुतंय का बघू. कुठं बसतंय ते डाक्टर?"

लिहून द्यायला दुसरा कागद जवळ नव्हता. मी एक फॉर्म उलटा केला आणि पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर उत्कर्षा सांगेल तसा मिरजेचा पत्ता लिहिला. सुलाबाईंनी त्याची बारीक घडी घातली आणि पदराच्या गाठीत बांधली. छापलेली बाजू आत गेली.