शेपटीबाहेरची चप्पल

"सिनेमाची जुनी व्हिडिओ टेप इकडे द्या आणि नवी डिस्क घेऊन जा," दुकानदार म्हणाला. "पण टेप तुमच्यासमोर कापावी लागेल. स्कीमची अटच आहे तशी."

"कापायची कशाला?" लिफ्ट मेकॅनिकने टेप छातीशी धरली.

"पुन्हा कुणी असलं धुरकट बघून डोळे बिघडवू नयेत म्हणून. काका, ही नवी आवृत्ती बघाच. धूळ नाही, ओरखडा नाही. राक्षसाच्या नाकातले केस मोजून घ्या."

"नाक राहू दे. शेपटी स्पष्ट दिसते का?"

दुकानदाराने एकदा गिऱ्हाइकाकडे नीट पाहून घेतलं. धंद्यात सगळ्या प्रकारची माणसं येतात. "शेपटी तर एक नंबर!"

मग मेकॅनिकने टेप दिली. दुकानदाराने आतली काळी फीत आतड्यासारखी ओढून काढली आणि उद्घाटनाला आलेल्या पुढाऱ्याच्या उत्साहाने कात्री चालवली.

त्या टेपमध्ये मेकॅनिकचं सगळं आयुष्य होतं, म्हणजे साधारण दोन सेकंद. तरुणपणी हाताला काम नव्हतं तेव्हा त्याला एका सिनेमात घेतलं होतं. परग्रहावरून हिरवा राक्षस येतो आणि शास्त्रज्ञांना गिळतो, असं ते कथानक. राक्षसाच्या पोटात एक नट होता. शेपटीत हा. आत पालथं पडायचं आणि कुणी ओरडलं की वळवळायचं. शेवटचा शास्त्रज्ञ गिळताना जोर जरा जास्त झाला आणि शेपटीच्या टोकातून याचा उजवा पाय बाहेर आला. पायात चप्पल. निळा पट्टा, तुटलेला, सेफ्टी पिन लावलेला. सेटवर ते कुणाच्या लक्षातच आलं नाही.

पुढे लिफ्टचं काम मिळालं. लिफ्टमध्ये माणसं अडकली की तो आधी बाहेरून त्यांना शेपटीची गोष्ट सांगायचा, मग दार उघडायचा. असे श्रोते नशिबानेच मिळतात. गावभर त्याचं नाव 'शेपूट' पडलं. हाक ऐकून तो ताठ चालायचा.

फक्त मेहुणा मानत नव्हता. टेपवर चप्पल निळसर डागासारखी दिसायची आणि मेहुणा दर भेटीत म्हणायचा, "दाजी, ती बुरशी आहे. टेपला ऊन दाखवा."

म्हणून ही डिस्क. आज सोक्षमोक्ष होणार होता.

रविवारी दुपारी मेहुणा सोफ्यावर बसला, बायको दाराला टेकून उभी राहिली. मेकॅनिकने कपाटातून जुन्या उपरण्यात गुंडाळलेली ती चप्पल काढली आणि टीव्हीशेजारी स्टुलावर मांडली. ताडून बघायला.

चित्र खरोखर लख्ख होतं. शास्त्रज्ञाच्या कपाळावरचा घामही दिसला. राक्षसाने जबडा उघडला. शेपटी वळवळली, हिरवीगार, खवला न् खवला चमकणारी, टोकापर्यंत अखंड.

चप्पल नव्हती.

त्याने मागे घेऊन परत लावलं. परत लावलं. शास्त्रज्ञ बिचारा तीन-चारदा गिळला गेला.

मेहुणा हसला असता तर बरं झालं असतं. तो समजुतीने बोलला. "जाऊ द्या हो दाजी. माणसाला काहीतरी लागतंच. आमच्या ऑफिसात एक जण स्वतःला राजपुत्र समजतो. आम्ही तो आला की उठून उभे राहतो. आपलं काय जातं?"

इतक्यात भिंतीवर झुरळ निघालं. मेहुण्याने स्टुलावरची चप्पल उचलली आणि फाटकन हाणली. "बघा! शेवटी आली की नाही कामाला?"

चप्पल स्टुलावर परत ठेवून तो निघाला.

मेकॅनिकने टीव्ही बंद करायला बटण दाबलं. ते चुकीचं होतं. पडद्यावर चष्मा लावलेला एक तज्ज्ञ उगवला. चित्र स्वच्छ कसं केलं ते तो सांगत होता. "आमची सगळ्यात मोठी डोकेदुखी ही," असं म्हणत त्याने शेपटीच्या टोकाला लाल गोल काढला आणि गोलातलं चित्र मोठं केलं. निळा पट्टा. पिन. "कुणा गाढवाने शेपटीत शिरताना चप्पलसुद्धा काढली नाही. आमची अख्खी टीम हिच्यामागे लागली होती. आता बघा." टाच गेली, पट्टा गेला, शेवटी अंगठा गेला.

"अगं, ये लवकर! दिसली! भावाला हाक मार!"

बायको आली. तिने पडद्याकडे पाहिलं, मग खिडकीतून खाली. मेहुणा स्कूटरला किक मारत होता. तिने हाक मारली नाही.

"मला ठाऊकच होतं तुम्ही आहात ते," ती म्हणाली. "पिन माझीच नव्हती का?"

"मग इतकी वर्षं त्याला सांगितलं का नाहीस?"

"त्याला वाईट वाटलं असतं."

खाली स्कूटर सुरू झाली आणि गेली. मेकॅनिकने डिस्क मागे घेतली. तज्ज्ञाने पुन्हा, काही घाई नसल्यासारखं, टाचेपासून सुरुवात केली.

बायकोने चप्पल उचलली, तळाचं झुरळ फडक्याने पुसलं आणि दाराशी सगळ्यांच्या चपलांच्या रांगेत नेऊन ठेवली. शेजारी जोडीची जागा राहिली. डावी त्या शेपटीतच राहून गेली होती.