सहा पॉइंट तीन

"आक्का, बारा वेळा झालं. वैद्यबाईंना फोन लावतो," सामायिक संडासाबाहेर स्टुलावर बसलेला विकास म्हणाला.

"नको! सगळं निघू दे आधी," आतून बकुळाचा आवाज आला.

काळाचौकीच्या त्या चाळीत शेजारणींनी सकाळपासून एक संडास तिच्यासाठी सोडला होता. बकुळा पालिकेच्या शाळेत शिपाई, वय पन्नास. धाकट्या भावाच्या, विकासच्या, दोन्ही किडन्या गेल्या, तेव्हा तिची जुळली. तिने शाळेत पेढे वाटले. मग तपासणीत तिची तीन महिन्यांची सरासरी साखर मधुमेहाच्या सीमेवर निघाली, सहा पॉइंट तीन. डॉक्टर म्हणाले, "आईला मधुमेह होता ना तुमच्या? आधी ही पाच पॉइंट सातच्या खाली आणा. तीन महिन्यांनी बघू."

फणसवाडीच्या वैद्यबाईंनी बजावलं होतं, "विरेचनाने, जुलाब देऊन पोट साफ केल्याने, मदत होईल कदाचित, पण शब्द देत नाही. चालणं आणि पथ्य सुटता कामा नये." बकुळाने 'मदत होईल' तेवढंच ऐकलं. पाच दिवस उपाशीपोटी औषधी तूप नाक दाबून प्यायली. आज जुलाबाचं चाटण मात्र तिने कुणाला न सांगता दुप्पट घेतलं होतं.

अठराव्या वेळी ती बाहेर आली आणि कठडा धरता धरता खाली बसली. ओठ पांढरेफटक. विकासने धावत मीठ-साखरेचं पाणी आणलं. तिने तोंड फिरवलं.

"साखर नको."

"अगं मरशील!"

"नको म्हटलं ना! एवढं केलेलं फुकट जाईल."

विकासने पेला तिच्या ओठांशी नेला. "तू गेलीस तर काय चाटू तुझी किडनी?" तो ओरडला, आणि सगळ्या गॅलरीदेखत रडायला लागला.

बकुळाने पेला घेतला. संध्याकाळपर्यंत तिला नाक्यावरच्या दवाखान्यात सलाइन लावून ठेवलं. वैद्यबाई स्वतः आल्या, खूप बोलल्या, तिने मान वर केली नाही.

पुढचे तीन महिने तिने भात पाहिला नाही. शाळेआधी तासभर चालायची, पाऊल सुजलं तरी.

"पाच पॉइंट नऊ," डॉक्टर म्हणाले. "मेहनत घेतलीत, बाई. पण अजून सीमेतच आहे. उद्या तुमची एकच किडनी आणि वर मधुमेह... प्रत्यारोपणाच्या समितीने नाही म्हटलंय."

"मी लिहून देते. माझं काही होऊ दे."

"तसं नाही करता येत."

बाहेर विकास बाकावर बसला होता.

"किती आली?"

"पाच पॉइंट नऊ."

"आणि?"

तिने नकारार्थी मान हलवली. तो मग उठला. "चल. चारला डायलिसिस आहे माझं."

परळच्या रस्त्यावर गाड्या थांबत नव्हत्या. सुया टोचून गाठी आलेला डावा हात त्याने छातीशी धरला आणि उजवा वर करून तो गाड्यांसमोर उभा राहिला.

"ये, आक्का," तो म्हणाला. "सावकाश ये."