गाठींची डॉक्टरीण

२००६ साली वऱ्हाडातल्या पेपरांत रोज आत्महत्यांचा आकडा छापून यायचा. त्यात एखादी तरी बरी बातमी हवी, म्हणून मे महिन्यात पौर्णिमाचा फोटो पहिल्या पानावर आला: ‘गाठींवर संशोधन, अकोल्याची लेक झाली डॉक्टर’. गाठी होत्या गणितातल्या. चार मितींत फुग्यासारख्या पृष्ठभागालाही गाठ बसते आणि अशा गाठीची ओळख एका बहुपदीवरून पटवता येते, हे पेपरवाल्याला कुठून कळणार? पौर्णिमानंही दुरुस्ती पाठवली नाही. खोटं कशाला बोला, ते ‘डॉक्टर’ तिला आवडलं होतं.

आठवड्याभरात अमरावतीला, ती शिकवायची त्या कॉलेजात, गोदाबाईचा फोन आला. आई गेल्यावर पौर्णिमाला वाढवलं ते या मावशीनं, अकोल्याजवळच्या खेड्यात. मावशी एसटीडी बूथवर उभी होती आणि मागं माणसांची रांग होती.

“पोरी, तुया त्या गाठीचंच इचारतो. खरी कोनती अन् खोटी कोनती, हे कसं समजते वं?”

पौर्णिमा हरखली. संशोधनाच्या सात वर्षांत घरच्या कुणी हे विचारलं नव्हतं.

“सोपं आहे, मावशी. कितीही ओढा, ताणा, खऱ्या गाठीचं एक काहीतरी कधीच बदलत नाही. तेच मी शोधते.”

“अन् बदलून राहिली असन त?”

“मग ती गाठच नव्हे!”

उत्तर इतकं सोपं नव्हतं, हे तिलाही ठाऊक होतं. पण पौर्णिमाबाईंना टाळीचं वाक्य फार प्रिय.

“कापा लागते काय?”

पौर्णिमा खळखळून हसली. “कापून काय, कुणीही सोडवेल. कापायचं नाही, हा आमचा पहिला नियम.”

“बरं झालं बाई,” म्हणून मावशीनं फोन ठेवला. कशासाठी विचारतेस, एवढं काही पौर्णिमाच्या तोंडून निघालं नाही. दिवसभर मात्र ती स्टाफरूममध्ये सांगत फिरली, की आमच्या खेड्यातल्या मावशीलाही माझा विषय कळतो.

पुढच्या होळीला मावसभाऊ गजेंद्रनं तिला अकोल्याच्या सरकारी दवाखान्यात बोलावून घेतलं. मावशी खाटेवर होती. पदराखाली छातीला पट्टी होती आणि तिचा वास दारापर्यंत येत होता. डॉक्टर गजेंद्रवर उखडले होते. लिंबाएवढी गाठ होती तेव्हाच ऑपरेशन सांगितलं होतं, आता हाडांत पसरलं.

“आई आयकेच ना,” गजेंद्र म्हणाला. “म्हने, आपल्या घरीच डॉक्टर हाये.”

मावशीनं पौर्णिमाचा हात घट्ट धरला. “आली? सांग यायले. खरी गाठ बदलत नाई, तूनंच सांगतलं. हे त रोज वाढे. म्हनून मले कायजीच नोती.”

पौर्णिमाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. डॉक्टर तिच्याकडे वळले. “तुम्ही डॉक्टर आहात?”

खरं बोलायला तिला हीच वेळ सापडली. “नाही,” ती घाईनं म्हणाली. “मी गणिताची.”

“गनिताची?” मावशी म्हणाली, आणि धरलेला हात तिनं सोडून दिला.