शून्यावर आलेला आकडा

शिंचू शहरातल्या आमच्या ऑफिसात त्या सकाळी सगळे हात जोडून उभे. समोर देव नाही, सर्व्हर. उदबत्त्या पेटलेल्या, माथ्यावर हिरव्या पाकिटातला खाऊ. हिरवंच लागतं, पिवळं ठेवलं तर मशीन रुसतं म्हणे. आमचे इंजिनिअर या गोष्टीला हसतात, आणि हळूच पाकिटाची तारीख तपासतात.

आम्ही इस्पितळातल्या मॉनिटरचं कर्नल लिहितो, म्हणजे मशीनचा मूळ प्रोग्राम. चाचणीत तो सारखा मरत होता. मरताना कर्नल स्वतःचा क्रॅश रिपोर्ट लिहून जातो, की भिंतीवरच्या पडद्यावर अशा रिपोर्टांचा आकडा वाढतो. शेवटी आमच्या बॉसनी, साईसाहेबांनी, लू महाराजांना आणलं. महाराजांनी स्वतः कीबोर्डवर 'शांतिमंत्र' बडवला, आणि आकडा शून्य.

"यंत्रालाही नाडी असते," महाराज डोळे मिटून म्हणाले. "वाघाच्या वर्षात जन्मलेल्या कुणाची तरी सावली पडतेय."

आमच्या पंचांगात दर वर्षाला एक प्राणी असतो; वाघाच्या वर्षातली ऑफिसात एकटीच, इंजिनिअर यू-झन.

"साहेब, मेमरीतली एकच जागा दोन कामांना दिली जातेय," ती म्हणाली. "चूक सापडलीय मला."

"मग रिपोर्ट का येत नाहीत? सामान आवर, आजच."

ती माझ्याकडे वळली. "हुंगदादा, तुम्ही तरी बोला."

बोलून काय होतंय? मी कीबोर्ड ओढला. कर्नल मुद्दाम मारायची एक आज्ञा असते, रिपोर्ट निघतो का ते बघायला. मी ती दिली.

पडदा काळा. मग मशीन गुपचूप परत उठलं. भिंतीवर शून्यच.

"काय केलंस?" साहेब.

"खून. तुमच्या सगळ्यांसमोर. मयताची नोंद कुठाय?"

मी मशीन सुरू होतानाच्या सूचना उघडल्या. महाराजांचा मंत्र तिथंच होता, दोन ओळी: रिपोर्ट लिहू नको. मेलास की लगेच ऊठ.

"हा माणूस रोज मरतोय साहेब, आणि आपण उदबत्ती लावतोय."

महाराज गोड हसले. "शांती मागितलीत, दिली."

साहेबांनी घड्याळ पाहिलं. "मॉनिटरचा माल संध्याकाळी बंदरावर जातोय. रिपोर्ट नंतर चालू कर."

"आणि यू-झन?"

"महाराजांसमोर मला खोटं पाडू नकोस."

संध्याकाळी यू-झन खोकं उचलून लिफ्टकडे गेली. माल तिच्या आधी खाली उतरला होता.

बाबांनो, मशीन मरतं तेव्हा का मेलं ते सांगून मरतं. ते वाचा. त्याचं तोंड दाबणारा महाराज नसतो, मारेकऱ्याचा साथीदार असतो. त्या मॉनिटरला जोडलेला पेशंट कुठल्या वर्षात जन्मलाय, हे मशीन विचारणार नाही.