पितांबरभाऊचा डावा हात

पितांबरभाऊनं पिस्तूल दोन्ही गुडघ्यांत घट्ट धरलं, उजव्या हातानं त्याचा वरचा भाग मागं ओढायला गेला, आणि ते सटकून ओसरीवरून घरंगळत थेट तुळशीच्या कट्ट्याला जाऊन आपटलं.

"गोळी नही ना त्याम्हा?" मी खांबाआडून विचारलं. लपलो होतो म्हणा ना.

"नही रे. रिकामं शे."

"मंग आते दातम्हा धरी देख."

मी आपलं चेष्टेनं म्हणालो, तर या गृहस्थानं ते खरंच दातात धरलं. आता काय बोलायचं! नवं कोरं लायसन आणि जुनं पिस्तूल घेऊन माणूस धुळ्याहून येतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते कुत्र्यानं हाडूक धरावं तसं तोंडात धरून बसतो. माझा थोरला भाऊ आहे म्हणून सांगत नाही, पण असा माणूस अख्ख्या तापीकाठी मिळायचा नाही.

हे एकसष्ट सालचं. कोरीटला आमचं घर. थोडी केळी, थोडा कापूस, बाकी सगळा ऊस. आदल्या एका हिवाळ्यात गूळ पाडताना, चरकात ऊस सारता सारता भाऊचा डावा हात मनगटापर्यंत गेला. चिंचपाड्याच्या मिशन दवाखान्यातल्या माणसांनी जीव वाचवला, त्यांचे उपकार विसरायचो नाही. हाताचं मात्र कुणाच्याच हातात नव्हतं. भाऊ हातासाठी कधी रडला नाही. रडला तो पाळीसाठी.

पाळीचं असं, की ऊस डोक्याएवढा झाला की रानडुकरं उतरतात आणि एका रात्रीत वावराची चिपाडं करून जातात. म्हणून गावात राखणीला घरटी पाळी. दिवस मावळायच्या सुमाराला रेवजी जागल्या चावडीच्या ओट्यावर उभा राहायचा आणि त्या दिवशीच्या राखणदारांची नावं पुकारायचा. ज्याचं नाव आलं त्यानं घरातूनच ओरडायचं, "उनूऽऽ!" म्हणजे आलो. एवढंच. पण त्या एवढ्याशाला गावात केवढा मान! रेवजीच्या तोंडी पहिल्यांदा नाव आलं की पोरगा बाप्या झाला, मग मिसरूड फुटलेलं असो की नसो.

भाऊचा हात गेल्यावर पोलीस पाटील चुनीलालआप्पांनी त्याचं नाव गाळलं. दयेनंच गाळलं, आप्पा वाईट माणूस नव्हे. गोफण दोन हातांची, बंदूक दोन हातांची, मग बिचाऱ्याला कशाला त्रास? आमच्या घरचं म्हणून माझंच नाव लागायला लागलं. रेवजी "शांतीलाऽऽल" म्हणून ओरडला की भाऊ पुढ्यातलं ताट सरकवून उठायचा. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. ओरडून "उनू" म्हणायचीसुद्धा लाज वाटायची हो!

म्हणून त्याच्या डोक्यात पिस्तूल भरलं. एका हातात मावतं आणि आवाज बंदुकीसारखा करतं, असं दुसरं हत्यार आहे कुठलं? आप्पांनी शिफारस दिली, धुळ्याच्या कचेरीत भाऊनं वहाणा झिजवल्या, आणि एकदाचं लायसन हातात पडलं. मग आम्ही दोघं धुळ्याच्या दुकानात.

दुकानदारानं पुढ्यात दोन जिनसा मांडल्या. एक रिव्हॉल्व्हर, नवं, झकझकीत. त्याची किंमत ऐकून आम्ही दोघांनी एकदमच मान फिरवली. दुसरं होतं जुनं पिस्तूल, जंगल खात्यातल्या कुणा निवृत्त साहेबानं विकायला ठेवलेलं. मुठीला तडा गेलेला, पण खिशाला परवडणारं.

"हे सेमी-आटोमॅटिक," दुकानदार म्हणाला, "म्हणजे अर्धं आपोआप चालतं."

भाऊचे डोळे लकाकले. मला कोपऱ्यात ओढून म्हणतो कसा, "शांत्या, आयकं का? अर्धं काम ते करस, अर्धं आपन करानं. मन्हा हातबी अर्धाच ऱ्हायनात. मन्हासाठीच बनाडेल शे हाई!"

"भाऊ, उसनवारी करूत, पन ते रिव्हॉल्व्हर ले," मी म्हणालो.

"तू गप ऱ्हाय. तुले काय समजस त्यान्हं?"

मला समजत नव्हतंच. पण त्याला कुठं समजत होतं? दुकानदारानं वरचं लोखंडी झाकण खटकन मागं ओढून दाखवलं, ते दोन्ही हातांनी. आम्ही दोघं येडे चापाकडे बघत बसलो. एकदा ते झाकण ओढून पहिलं काडतूस आत गेलं की पुढची आपोआप चढतात, हे खरं. पण ते पहिलं ओढणं ज्याचं त्यानं करायचं, आणि त्याला दोन हात लागतात. 'अर्धं आपोआप'मधलं उरलेलं अर्धं कोणतं, हे आम्हाला घरी ओसरीवर कळलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच!

तर भाऊ दातात पिस्तूल धरून झटतोय, कपाळाची शीर तट्ट फुगलेली, आणि आतून आली अनुसयावहिनी. हात पिठानं भरलेले. क्षणभर उभी राहिली. मग पदराला हात पुसले आणि म्हणाली, "काढा ते तोंडम्हाईन. आना अठे."

"तुन्हं काम नही ते."

"तुम्ही मूठ धरा घट. मी वढस."

भाऊनं उजव्या हातात मूठ धरली, नळीचं तोंड तुळशीकडे केलं. वहिनी त्याच्या डाव्या अंगाला उभी राहिली, झाकण धरलं आणि खटकन मागं ओढून सोडलं.

"इतलंच?" ती म्हणाली. "भाकरीना पीठले यानापेक्षा जास्त जोर लागस."

भाऊ तिच्याकडे बघतच राहिला. मग हसायला लागला. हात गेल्यापासून तो असा पोट धरून हसलेला मी पाहिला नव्हता. मलाही हसू आलं, आणि डोळ्यांत पाणीही. खोटं कशाला सांगू?

पण जुन्या वस्तूवर समाधान मानेल तो पितांबरभाऊ कसला! तडा गेलेली मूठ त्याला खुपायला लागली. नंदुरबारला दाऊदभाई मिस्तरी होते. स्टोव्ह, शिवणयंत्रं आणि सरकारी परवान्यानं बंदुका, तिन्ही दुरुस्त करायचे. त्यांनी पिस्तूल खोललं, प्रत्येक तुकडा फडक्यावर मांडला, चष्म्यावरून भाऊकडे बघितलं.

"पितांबरभाई, इससे सूअर मरेगा नहीं. नाराज होगा."

"माराले कोन जास, दाऊदभाई? आवाज व्हयना म्हंजे बस."

"फिर ठीक है."

कासार बांगडीसाठी हात दाबून बघतो तसा दाऊदभाईंनी भाऊचा पंजा दाबून बघितला आणि त्या मापाची शिसवी मूठ घडवली. काय मूठ होती! हातात घेतली की सोडवत नसे. वर आपल्या मनानं आतली कमान, म्हणजे स्प्रिंगही बदलून नवी घातली. जुनी थकली होती म्हणाले.

घरी आल्यावर वहिनीनं झाकण ओढलं. हलेना. दात-ओठ खाऊन पुन्हा ओढलं, तर हातातली बांगडी तेवढी वाढवली. ती ओसरीच्या पायरीवर बसली. बांगडीचे तुकडे वेचता वेचता एवढंच म्हणाली, "मन्हाच्यान व्हत नही आते."

दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा दाऊदभाईंच्या दुकानात.

"जुनीच कमान घाली द्या."

"या अल्ला! लोग नया डलवाने आते हैं, ये पहला आदमी देखा जो पुराना मांगता है." दाऊदभाईंनी कपाळाला हात लावला. मग विचार करून म्हणाले, "अच्छा, ऐसा करते हैं. ऊपर एक छोटी कडी लगा देता हूं. कमर को पट्टा बांधो, कडी पट्टे में अटकाओ, नीचे दबाओ, हो गया. भाभी को तकलीफ ही नहीं. अकेले का काम."

मी तर खूश झालो. "वा! हाई बेस शे," म्हणालो. धोतरावर कातडी पट्टा कसा दिसेल हे आलं मनात, पण गिळलं.

भाऊनं फडक्यावरची नवी कमान उचलून बाजूला ठेवली. मग म्हणाला, "एकटानं काम माले नको शे, दाऊदभाई. जुनीच घाला."

दाऊदभाईंनी जुनी कमान तेलात बुडवून काढली, पुसली, बसवली. मी मात्र येताना वाटभर बडबडत होतो, की पाळी तुला पाहिजे, मग बायकोला काय वावरातल्या राखणीच्या माळ्यावर नेणार आहेस? भाऊ म्हणाला, "हा. लई जासू." घ्या! याच्याशी वाद घालण्यापेक्षा भिंतीवर डोकं आपटलेलं बरं.

चावडीवर बोलणं निघालं. आप्पांनी सुपारी कातरता कातरता पिस्तूल बघितलं, मूठ बघितली, खूश झाले. पण वहिनी बरोबर येणार म्हटल्यावर अडकित्ता थांबला.

"पितांबर, तुले पाळी देसू, माले आनंदच शे. पन बाईमानूस राखनले? आपला गावम्हा असं कधी व्हयेल नही."

 भाऊला बोलता कुठं येतं? मी तोंड उघडणार, तेवढ्यात चावडीच्या दाराशी उभी असलेली वहिनी बोलली. पदर कपाळापर्यंत, आवाज हळू, पण सगळ्यांनी ऐकला.

"बाई नही जाई ऱ्हायनी, आप्पा. यासना डावा हात जाई ऱ्हायना."

 मग कोणीतरी खुसकन हसलं, मग आप्पाच हसले. "बोलनी खरी! जा मंग."

त्या संध्याकाळी रेवजी ओट्यावर चढला. भाऊ अंगणात येरझाऱ्या घालत होता, नवरदेवासारखा. "पितांबर रतिलाऽऽल!" हाक आली. भाऊनं असं काही "उनूऽऽ!" ठोकलं, की शेजारच्या गोठ्यातली म्हैस दावं तोडून पळाली. तिला धरायला मीच धावलो, आणखी कोण?

त्या पहिल्याच पाळीला डुकरं आली. अजून पुरता अंधारही पडला नव्हता. वहिनीनं झाकण ओढलं, भाऊनं आभाळात बार काढला. डुकरं पळाली. पण बार झाला की रिकामं काडतूस बाजूला उडतं, हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. ते तापलेलं टोपण पडलं थेट वहिनीच्या चोळीत. ती "मन्ही माय वंऽऽ" करून माळ्यावरच नाचायला लागली. भाऊला वाटलं गोळी लागली. पिस्तूल टाकून तो रडत तिला चाचपत सुटला. दोघं मिळून माळ्यावरून खाली उसात पडले. कोणाला काही झालं नाही. सकाळी वहिनी हे सांगताना हसून हसून बेजार. भाऊ मात्र तोंड लपवून गोठ्यात जाऊन बसला होता.

गावाला काय, एवढं पुरे! रेवजीनं पुढच्या पाळीला हाकेत भर घातली. "पितांबर रतिलाऽऽल न डावा हाऽऽत!" 'न' म्हणजे आणि. सगळं गाव हसलं. वहिनीनं आतून रेवजीला शिव्या घातल्या आणि खळ्यावर तोच आल्यावर त्याच्या ओंजळीत ताज्या गुळाचा खडा ठेवला. पुढं कोणी हसेनासं झालं. हाक तशीच अंगवळणी पडून गेली. बायकाही पाण्यावर तिला "काय वं डावा हात" म्हणायच्या. ती दर साली ऊस डोक्याएवढा झाल्यापासून तुटेपर्यंत दर पाळीला गेली. कधी बार काढावा लागायचा, कधी नाही. दोघं माळ्यावर बसून काय बोलायचे देव जाणे. घरात तर दिवसभरात चार शब्द होत नसत.

सहासष्टच्या हिवाळ्यात वहिनीला ताप आला आणि तो उतरलाच नाही. गेली. मी यापुढं काही सांगू शकत नाही. तिनं मला आईच्या मायेनं वाढवलं होतं.

दिवस-कार्य झाल्यावर भाऊ एकटाच नंदुरबारला गेला आणि पिस्तूल पोलीस ठाण्यात जमा करून आला. मला कळलं तेव्हा मी चिडलोच.

"अरे, दाऊदभाईकडथून ती कडी लाई लेतास ना! एकटाले चालतं ते."

भाऊ खाटेवर बसला होता. म्हणाला, "पहिला हात गया तवय मी लाकडाना लाया नही, शांत्या. आते हाऊ गया, त लोखंडाना लाऊ?"



मग त्याची पाळी आली. दुपारी आप्पांनी मला बोलावून हळूच विचारलं, नाव गाळू का म्हणून.  मग माझ्या तोंडाकडे बघून आपणच म्हणाले, "नको. एक डाव गाळं, तेच बस झालं."

संध्याकाळी रेवजी ओट्यावर चढला. मी अंगणात, भाऊ ओसरीवर. "पितांबर रतिलाऽऽल," रेवजी ओरडला, आणि त्याच लयीत पुढचा "न" त्याच्या तोंडातून निघून गेला. तिथं तो अडला. सगळ्या गल्लीनं ऐकलं. कोणाच्या घरात भांडं वाजेना. मला रेवजीचा राग आला, आणि लगेच दयाही आली. त्या बिचाऱ्याचा काय दोष?

भाऊ उठला. पागोटं नीट केलं.

"उनूत," तो म्हणाला. आलोत. फार मोठ्यानं नाही, पण रेवजीला ऐकू जाईल इतपत.

कोपऱ्यातली काठी घेऊन तो निघाला. मी मागून गेलो. म्हणालो, "भाऊ, मी येस संगे."

"पाळी तुन्ही नही, मन्ही शे. जेवाले बठ."

मी वेशीपाशी थांबलो. वावराकडे जाणारी गाडीवाट चांगली रुंद आहे, दोन्ही चाकोऱ्या चालून चालून गुळगुळीत झालेल्या. भाऊ उजव्या चाकोरीतून चालला होता. डावी त्यानं मोकळी ठेवली होती.